खांबाला टेकायचं तर

आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, चालू होतं. इमारतीला पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी ते करून घ्यावं लागतं, म्हणजे सेक्रेटरींच्या मागे फायलींचा ससेमिरा आणि बाकीच्यांना ऐन दुपारी ठोकाठोक. ऑडिटला आलेला इंजिनिअर अगदीच पोरगेलासा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात लहानशी हातोडी आणि मागे वही घेऊन फिरणारा एक मदतनीस. मी भाजी घेऊन परत येत होते तेव्हा तो पार्किंगमधले खांब ठोकून बघत होता. चौकोनी, ओबडधोबड, ज्यांच्याकडे कुणी कधी मान वर करून बघत नाही असे खांब. हातोडी पडली की ठण्ण वाजायचे. मग तो प्रवेशद्वाराशी आला. तिथे आमचे मानाचे चार खांब आहेत. दोन मजले उंच, गोल, अंगभर उभ्या पन्हळी, माथ्यावर वळलेल्या पानांचा गुच्छ. त्याने हातोडी मारली. ढब. जरा वर मारली. ढब. आत काहीतरी फडफडलं, बहुधा कबुतर. मी थांबलेली बघून तो म्हणाला, "काकू, घाबरू नका, हे नुसतं एलिव्हेशन आहे, दर्शनी शोभा. चारही काढलेत तरी बिल्डिंगला काही होणार नाही."

घाबरले नव्हतेच. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

एक तर हे घर घेताना त्या चार खांबांचा वाटा मोठा होता. ठाण्याच्या घोडबंदर रोडला तेव्हा नुसती धूळ होती, पाण्याचे टँकर होते आणि मागे येऊरचा डोंगर होता. स्टेशनपासून इतक्या लांब कशाला जायचं, असं नौपाड्यातल्या प्रत्येक नातेवाइकाने विचारलं होतं. मग वास्तुशांतीला तेच नातेवाईक आले आणि रिक्षातून उतरल्याबरोबर गप्प झाले. सासूबाईंनी खांबांकडे बघून पदर सावरला. "कोर्टात आल्यासारखं वाटतंय गं," असं म्हणाल्या, आणि ते कौतुकाने म्हणाल्या. चाळीच्या दोन खोल्यांत संसार केलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा एक इमारत आपली वाट बघत उभी आहे असं वाटलं असेल, तर त्या खांबांनी त्यांचं काम केलं होतं. त्या दिवसाचे सगळे फोटो खांबांपाशीच काढलेले आहेत. एकाही फोटोत आमचा हॉल नाही.

माझ्या ओळखीचा पहिला खांब मात्र खारकर आळीतला. आजोबांनी एका जुन्या वाड्यात तीन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. वाडा म्हणण्याइतका काही तो थोर नव्हता, पुण्याच्या सरदारांच्या वाड्यांसमोर त्याला कुणी उभं केलं नसतं, पण चौक होता, चौकात तुळस होती, आणि चौकाच्या तिन्ही बाजूंनी ओसरी. ओसरीच्या कडेला सागवानी खांब. त्यातला आमच्या दाराजवळचा खांब हा आमचा, असं आम्ही मुलांनी ठरवून टाकलं होतं. लपाछपीत राज्य घेणारा त्याच्यावर डोकं टेकवून आकडे म्हणायचा. वाड्यातल्या पोरांची उंची त्याच्यावर खिळ्याने ओरखडे काढून मोजली जायची. गौरी-गणपतीत केळीचे खुंट त्यालाच बांधायचे. दुपारी आजी त्याला पाठ लावून तांदूळ निवडत बसायची, आणि तिच्या पाठीच्या उंचीवर लाकूड इतकं गुळगुळीत आणि काळपट झालं होतं की अंधारात नुसता हात लावून कळायचं, हा आपला खांब. उन्हाळ्यातही त्याला एक थंडावा असायचा. पावसाळ्यात मात्र ओलसर लाकडाचा, रॉकेलचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा मिळून असा वास यायचा, जो मला अजून कुठेही आला तर मी दोन मिनिटं थबकते.

खांबाच्या बुडाशी दगड होता, तळखडा. आम्ही त्यावर चिंचा फोडायचो. तो तिथे का आहे हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. एकदा शेजारचा खांब उतरवायची वेळ आली, आतून वाळवी लागली होती. तेव्हा सुताराने वरची तुळई लाकडी ठोकळ्यांनी आणि टेकूंनी तोलून धरली आणि खांब हळूहळू उचलला. खांबाच्या तळाला मुठीएवढा दांडा कोरलेला होता आणि दगडाच्या माथ्यावर नेमका तेवढाच खळगा. चुना नाही, खिळा नाही. वरून येणाऱ्या वजनानेच खांब जागेवर बसलेला. आणि दगड एवढ्याचसाठी, की जमिनीची ओल लाकडात चढू नये. म्हणजे आम्ही ज्याच्यावर चिंचा फोडत होतो तो त्या घराच्या म्हातारपणाचा विमा होता. सुतार दगडावरून हात फिरवत म्हणाला होता, लाकूड बदला हवं तेव्हा, दगडाला हात लावू नका.

हे सगळं मी माझ्या भाचीला, सईला, फोनवर सांगितलं. ती आर्किटेक्ट आहे, त्यामुळे तिला सांगायला गेलं की आपणच चार गोष्टी ऐकून फोन ठेवतो. मी आपली पोकळ खांबांची तक्रार मांडत होते आणि ती खो खो हसत होती. "मावशी, ती पानं कसली आहेत माहितीये का?" तिने विचारलं. ती पानं म्हणे अकँथस नावाच्या झुडपाची. ग्रीसमधल्या कोरिंथ गावी एका मुलीच्या थडग्यावर तिच्या दाईने टोपली ठेवली, टोपलीखालून हे झुडूप वर आलं, पानं टोपलीला वेटाळून बाहेर वळली, ते एका शिल्पकाराने पाहिलं आणि खांबाच्या माथ्यावर कोरलं, अशी दंतकथा आहे. मग तिने आणखी एक सांगितलं, ते मात्र दंतकथा नव्हे. त्याच अकँथसचं एक भावंड आपल्या ठाण्याच्या खाडीत कांदळवनात उगवतं. पुढे ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात गेले तेव्हा मी मुद्दाम शोधून पाहिलं. चिखलात उभं, काटेरी कडांच्या चकचकीत पानांचं, निळसर जांभळ्या फुलांचं झुडूप. घोडबंदरच्या इमारतींच्या माथ्यांवर सिमेंटमध्ये जे वळलंय त्याचंच सख्खं नातं खाडीच्या चिखलात उभं आहे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आमची पानं कुणी कोरलेली नाहीत. ती कॅटलॉगमधून निवडतात. साच्यात सिमेंटचं पातळ मिश्रण काचेच्या बारीक तंतूंसकट फवारायचं, सुकलं की अर्धे अर्धे भाग काढायचे आणि लोखंडी सांगाड्यावर बोल्टने आवळायचे. दोन अर्धुकं जुळली की खांब झाला. रंगवल्यावर सांधा दिसत नाही. पहिले काही पावसाळे तरी नाही.

नव्वदच्या दशकात हे सगळं पवईपासून सुरू झालं असं आम्ही ठाणेकर समजतो. आर्किटेक्ट हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी तिथे हिरानंदानी बिल्डरसाठी उंच उंच इमारतींना ग्रीक-रोमन कपडे चढवले, मग त्याच धर्तीवर इकडे पाटलीपाड्याला वसाहत उभी राहिली, आणि मग घोडबंदर रोडवर ज्याला त्याला खांब हवे झाले. आर्किटेक्ट मंडळींमध्ये त्यावर नाकं मुरडायची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. त्याआधी आपल्याकडे काय होतं? पिवळट डिस्टेंपरचे चार मजली ठोकळे, जिन्यात पानाच्या पिंका, गच्चीत गंजक्या टाक्या. माणसाने पगारातून वीस वर्षं हप्ते भरायचे, तर निदान घरी येताना आपण कुणीतरी आहोत असं वाटायला नको? संध्याकाळी पाटलीपाड्याला त्या मोठ्या इमारतींच्या पायाशी माणसं उगीचच फेऱ्या मारत असतात, लांबून रिक्षा करून येतात. त्यात आम्हीही असतो. आइस्क्रीम खात त्या खांबांकडे बघणं मला आवडतं. खोटं आहे हे कळतं, तरी आवडतं.

आणि उसनं घेणं काही आपण शोधून काढलेलं नाही. फोर्टातला टाउन हॉल बघा, 1833 चा, एशियाटिक सोसायटीचा. त्याच्या पायऱ्यांवर कॉलेजात असताना आम्ही तासन्‌तास बसलोय. ते डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक धाटणीचे, खांब तर चक्क विलायतेहून जहाजातून आले. पुढे त्याच इंग्रजांना वाटलं की हिंदुस्थानात हिंदुस्थानी दिसलं पाहिजे, म्हणून आर्किटेक्ट जॉन बेग यांनी जीपीओला विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा घुमट दिला. 1913 साली ती इमारत पुरी झाली. पोस्टाची तिकिटं विकायला आदिलशहाच्या कबरीचा घुमट! आज त्याला आपण वारसा म्हणतो, आत शिरलं की आवाज खाली आणतो. शंभर वर्षांनी आमच्या चार पोकळ खांबांनाही कुणी वारसा म्हणेल का, असं मी सईला विचारलं. ती म्हणाली, तोवर टिकले पाहिजेत ना.

तिच्या मते प्रश्न खरेखोटेपणाचा नाहीच. कार्ले-भाजेची लेणी आठव, म्हणाली. शाळेच्या सहलीला भाज्याला गेलो होतो तेव्हा चैत्यगृहातले खांब मला तिरके वाटले होते, आणि बाईंनी "नीट उभी राहा म्हणजे सरळ दिसतील" असं सांगितलं होतं. ते खरंच तिरके आहेत, आतल्या बाजूला झुकलेले. लाकडी मंडप बांधताना छताचा रेटा पेलायला खांब तसे झुकवावे लागत. कातळात कोरताना छत पडायची भीतीच नव्हती, सगळा डोंगर एकसंध. तरी कारागिरांनी खांब झुकवले, कारण सभागृह म्हटलं की डोळ्यांना तसंच दिसायची सवय. कार्ल्याला तर वर खऱ्या लाकडी कमानी बसवल्या आहेत, दोन हजार वर्षं होत आली, काहीही न पेलता त्या दगडी छताला चिकटून आहेत. म्हणजे भार नसलेले खांब आणि वासे ही आपली फार जुनी खोड आहे. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीला जाऊन डोकं टेकवणाऱ्या माणसाने घोडबंदरच्या खांबांना हसायचं म्हणजे जरा अवघडच.

सई तेवढ्यावर थांबली नाही. तिने माझा खारकर आळीचा खांबही सोडला नाही. तुझ्या त्या सागवानी खांबाचा आकार कसा होता, मधे फुगीर, वर निमुळता, बुडाशी कमळाच्या पाकळ्या? दोन खांबांच्या मधे महिरप, महिरपीला केळफूल? हो, म्हटलं, अगदी तसाच. तो सुरूचा खांब, मावशी. सुरूचं झाड मोगलांच्या बागेतलं, आणि ती महिरप त्यांच्या महालांतली. मराठी फौजा उत्तरेत गेल्या, तिथलं बघून आल्या, आणि पेशवाईत ज्याला परवडेल त्याने आपल्या ओसरीवर तो थाट लाकडात उतरवून घेतला. सरदारांचं बघून सावकारांनी, सावकारांचं बघून वकिलांनी. ठाण्यातल्या त्या वाड्यापर्यंत ती फॅशन पोचेस्तोवर तिचं मूळ कुणाच्या गावीही नव्हतं. आणखी मागे जायचं तर अंबरनाथचं शिवमंदिर आहे, 1060 सालचं, शिलाहारांचं. कोकणच्या राजांचं देऊळ, पण शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे माळव्याच्या वळणाचं. आजी ज्या खांबाला टेकून तांदूळ निवडायची तो दिल्ली-आग्र्याचा, आणि ज्या महादेवाला ती श्रावणात जायची त्याचं शिखर माळव्याचं.

मग आपलं असं काय उरलं?

मला वाटतं, आजीची पाठ उरली. हे जरा भाबडं वाटेल, पण मी बराच विचार केला. तो सुरू कुठून आला याला त्या ओसरीत काही किंमत नव्हती. खांबाला टेकता येत होतं, त्याच्यामुळे ओसरी होती, ओसरीमुळे पावसातही बाहेर बसता येत होतं, आणि बाहेर बसल्यामुळे वाड्यात कोण आलं, कोण गेलं, कुणाची सून रडून गेली, हे सगळं माहीत असायचं. (हे शेवटचं नेहमीच सुखाचं नसे. माझी आई त्या ओसरीला कंटाळली होती. तिला दार लावून घेता येईल असं घर हवं होतं, आणि ते मिळाल्यावर ती कधीही हळहळली नाही. वाड्यांबद्दल गहिवरणाऱ्या लेखांमध्ये आया सहसा नसतात.) आमच्या सोसायटीच्या खांबांना मात्र टेकताच येत नाही. त्यांच्या बुडाशी माणसाच्या छातीएवढा उंच चौथरा आहे, त्याच्याभोवती शोभेच्या झुडपांचं आळं आहे, आणि आळ्याला साखळी. वॉचमनला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची आहे, ती खांबापासून लांब, पार्किंगच्या सावलीत.

खारकर आळीतल्या त्या वाड्याच्या जागी आता टॉवर आहे. दर्शनी भागावर लाकडासारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, दाराशी घडीव वाटावा असा दगडी कमानीचा देखावा, आणि नावात "वाडा" आहे. आत ओसरी नाही, ते तर धरूनच चालावं. बिल्डरला दोष देऊन काय उपयोग? घरखरेदीच्या रेरा कायद्याप्रमाणे घराचा कारपेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, मोजताना व्हरांडा आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत. घेणाऱ्याने नजर ठेवायची ती कारपेटच्या आकड्यावर. मग ओसरीवर जागा कोण खर्च करणार, आणि चौकावर तर कोण वेडा? महिरपीला मात्र जागा लागत नाही. ती भिंतीला चिकटवता येते. म्हणून जुन्या घरांमधलं जे चिकटवता येतं तेच नव्या इमारतींत येतं आणि ज्यात बसता येतं ते येत नाही. आम्हीही काही वेगळे नाही. आमच्या फ्लॅटला मिळालेली छोटी बाल्कनी आम्ही पहिल्याच वर्षी खिडक्या लावून बंद केली आणि मुलाचं अभ्यासाचं टेबल तिथे टाकलं.

वाड्याचे खांब कुठे गेले ते मला ठाऊक नाही, पण वाड्यांचे खांब जातात कुठे ते ठाऊक आहे. घोडबंदर रोडलाच एका हॉटेलात आम्ही वाढदिवसाला गेलो होतो. पितळी समया, भिंतीत दिवळ्या, वाढप्यांना फेटे, आणि मध्यभागी खरेखुरे जुने सागवानी खांब. हात लावला तर खरं लाकूड, जड, तेल मुरलेलं. आणि खांब छतापर्यंत पोचतच नव्हता! वरचा विताचा भाग मोकळा, तिथून एसीचं पाइप गेलेलं. तळखडे नव्हते, फरशीवर लोखंडी पाट्या ठोकून खांब उभे केले होते. वाढप्याला विचारलं तर म्हणाला, "मालकांनी जुन्या मालाच्या बाजारातून आणलेत, ओरिजिनल आहेत." ओरिजिनल तर होतेच. माझ्या मनात नसती तुलना सुरू झाली: आमच्या दाराशी खोटा खांब, काही पेलत नाही, इथे खरा खांब, तोही काही पेलत नाही. पण शेजारच्या टेबलावरचा एक लहान मुलगा कंटाळून उठला, त्या खांबाला मिठी मारून गोल गोल फिरायला लागला आणि त्याची आई "अरे चक्कर येईल" म्हणून ओरडली. पिठलं बरं होतं. भाकरी जाड.

खाडीपलीकडे नवी मुंबईत खांबांचा थाट सरकारी आहे. पामबीच रोड संपता संपता महापालिकेचं मुख्यालय लागतं, पांढरंशुभ्र, घुमट, खांबांच्या रांगा, समोर तो आभाळाला भिडणारा तिरंगा. रात्री रोषणाई केली की गाड्या थांबवून लोक फोटो काढतात. त्या चौकाला मात्र नाव आहे ते बेलापूरच्या किल्ल्याचं. किल्ल्याचे जे काही अवशेष उरलेत ते जवळच झाडोऱ्यात आहेत आणि तिकडे फारसं कुणी थांबत नाही. शहर अवघ्या पन्नास-पंचावन्न वर्षांचं, ते वसवणारी सिडको स्थापन झाली 1970 मध्ये. तरुण शहराला वयाची घाई असते, असं मला तो घुमट बघून वाटतं. त्याहून नवा विमानतळ, तिथे कमळ आणलंय, आर्किटेक्ट झाहा हदीद यांच्या कंपनीचं डिझाइन. ते मी अजून नीट निवांत पाहिलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही.

बेलापूरला मी जाते ती सुलभाकडे. कॉलेजपासूनची मैत्रीण, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 86 च्या सुमारास बांधलेली ही वसाहत, पारसिकच्या डोंगराच्या कुशीत. कोरिया यांची पेडर रोडची कांचनजंगा इमारत सईने मला एकदा रस्त्यावर गाडी थांबवून दाखवली होती. अठ्ठावीस मजले, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजली उंच मोकळ्या गच्च्या. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेकडे, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर उपाय म्हणून भोवती व्हरांडा फिरवला होता. कोरिया यांनी तो व्हरांडा उचलून अठ्ठाविसाव्या मजल्याच्या उंचीला नेला. बाहेरून बघाल तर ती इमारत कुठल्याच जुन्या बंगल्यासारखी दिसत नाही. बेलापूरला त्यांनी उसना घेतला तो चौक. सात घरं, मधे साधारण आठ मीटर लांबरुंद अंगण. अशा तीन चौकांचा मिळून पुन्हा एक मोठा चौक. प्लॉट 45 पासून 75 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे गरीब आणि बरा यांच्यात फार अंतर पडू नये. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे कुणाची भिंत कुणाला लागून नाही. ज्याला पैसे येतील त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी मागायला जावं लागू नये. घरंही गवंड्याला बांधता येतील अशी साधी, उतरत्या कौलांची.

लोकांनी ते बोलणं शब्दशः घेतलं. आर्किटेक्चरची मुलं लांबून वसाहत बघायला येतात आणि कौलारू घरं शोधत हिंडतात; थोडी सापडतात. बाकीच्या जागी दोन-तीन मजली बंगले उठलेत. स्टीलचे कठडे, निळ्या काचा, चकचकीत टाइल्स, आणि हो, खांब. पानांच्या गुच्छाचे, घोडबंदरसारखेच. सईबरोबरची तिची मैत्रीण एकदा ते बघून रडवेली झाली होती. सुलभाला त्याचं काही वाटत नाही. तिच्या चौकातल्या सात घरांपैकी दोनच मूळची राहिलीत, त्यातलं एक तिचं. पण चौक आहे तिथेच आहे, कारण तो कुणाच्याच नावावर नाही. संध्याकाळी गेलं की त्यात मुलांचं क्रिकेट, उभ्या केलेल्या दोन स्कूटर, एका बाजूला कुरडया वाळत घातलेल्या, आणि आउट की नॉटआउट याचा निवाडा समोरच्या म्हात्रे आजी आपल्या पायरीवरून देतात. नव्या बंगल्यांचीही दारं चौकाकडेच उघडतात. मागे रस्त्याच्या बाजूला तोंड फिरवता आलं असतं, एखाद्याने तसा प्रयत्नही केला, पण मग दिवसभर तिकडे कुणाशी बोलणार?

या वेळी गेले तर सुलभाच्या घरी खलबतं चालू होती. तिच्या मुलाचं लग्न ठरलंय, कौलं गळतात, वर दोन खोल्या काढायच्यात. कंत्राटदार बेलापूर गावातलाच, त्याने मोबाइलवर चित्र आणलं होतं. मी बघितलं आणि हसू दाबलं. दर्शनी भागात दोन गोल खांब. माथ्यावर पानं. मुलगा म्हणाला, "मावशी, तू हसू नकोस, मला आवडलंय." मी म्हटलं, अरे मलाही आवडतं. सुलभाने चित्र लांब धरून, चष्मा वर करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो पानांबद्दल नव्हता. "पडवी कुठंय?"

पडवी काढली होती. तिची चार फूट जागा हॉलमध्ये घेतली होती, सोफा बसावा म्हणून. त्यावर मायलेकांची जी जुंपली ती चहा निवेपर्यंत चालली. मुलाचं म्हणणं, पडवीत बसतं कोण? सुलभाचं म्हणणं, मी बसते, आणि तू दहावीला होतास तेव्हा वर्षभर तिथेच बसला होतास. शेवटी कंत्राटदारानेच मधला मार्ग काढला. वरच्या खोलीचा भार त्या दोन खांबांवरच येणार आहे, म्हणाला, तेव्हा ते काढता येणार नाहीत, भिंत मात्र अडीच फूट आत घेता येईल. मग सोफा लहान घ्या. पानं हवी तर ठेवा, नको तर सपाट करून देतो, पैसे वाचतील. सुलभा म्हणाली, त्याला आवडतात तर राहू देत पानं, पण खालचा तो उंच ठोकळा नको. त्या जागी दोन्ही खांबांना जोडून कट्टा घाल, दोन माणसं पाठ टेकून बसतील एवढा. कंत्राटदार पंधरा इंच म्हणाला. एव्हाना म्हात्रे आजी पायरी सोडून आत येऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, पंधरावरून मला उठवायला दोन माणसं लागतील, अठरा कर. अठरावर पोरांचे पाय लोंबकळतील, मुलगा म्हणाला. लोंबकळू देत की, पोरांना काय होतंय! सतरावर तडजोड झाली. वर काय घालायचं याच्यावर मात्र एकमत होतं. ग्रॅनाइट दुपारी तापतं आणि पावसात घसरतं. कोटा फरशीच घाल, आणि कडा गोल मार, साड्या फाटतात.